झाडाच्या सालीवर रंगवायचंय, पण साल ऐकत नाही!

सातारी_फळा

मंडळी, नमस्कार. पस्तीस वर्षं चित्रकलेच्या तासाला "अरे, आधी कागद बघ, मग पाणी घे" म्हणून पोरांवर ओरडलो आणि आता स्वतःच तोंडघशी पडलोय.

भाचेसून कामानिमित्त मेक्सिकोला गेली होती. येताना माझ्यासाठी झाडाच्या सालीचे चार कागद घेऊन आली. तिकडे याला 'आमाते' म्हणतात म्हणे. ४० बाय ६० सेंटिमीटरचे, रंग काळपट गुळासारखा, मधूनच फिकट पट्टे. एक बाजू घोटल्यासारखी, दुसरी खरबरीत. उजेडाला धरला की आत उभी-आडवी जाळी दिसते. इतकी देखणी वस्तू की आठवडाभर नुसती हात फिरवून ठेवून देत होतो.

शेवटी धीर करून जलरंगात अजिंक्यतारा काढायला घेतला. आभाळाचा पहिला हात मारला, तर निळा रंग गायब, उरला नुसता ओला डाग. तटबंदीची रेघ ओढली, तर रेघेला दोन्ही बाजूंनी मुळं फुटली. किल्ल्याचा पार वड झाला.

तीन कागद उरलेत. असल्या सालीवर, भूर्जपत्रावर, हातकागदावर कुणी काम केलंय का? सौ. म्हणते, फ्रेम करून कोराच लावा.

खवचट_खंडू

भाचेसुनेनं टकीला आणली असती तर हा प्रश्नच उद्भवला नसता.

(सौ. बरोबर बोलतायत.)

पुएब्ला_ते_चाकण

काका, जलरंग या सालीवर चालायचेच नाहीत. पारदर्शक रंग खुलतो तो खालच्या पांढऱ्या कागदामुळे. इथे खाली पांढरं आहेच कुठे? निळा अधिक गूळ बरोबर चिखल. शिवाय या कागदाला खळ अजिबात नसते, त्यामुळे पाणी लागलं की ते धाग्याधाग्यानं पळत सुटतं.

गाडीच्या कारखान्याच्या कामानं मी दोन वर्षं मेक्सिकोतल्या पुएब्लात होतो. तुमचे कागद बहुधा त्याच राज्याच्या उत्तरेकडच्या डोंगरातले असणार. पाउआत्लान तालुक्यात सान पाब्लितो नावाचं ओतोमी लोकांचं गाव आहे. एका सुट्टीत गेलो होतो. गाव दिसायच्या आधी ऐकू येतं, घराघरातून ठकठक, ठकठक. आपल्याकडे पूर्वी तांबट आळीत यायचा तसा आवाज, फक्त धातूऐवजी लाकडाचा.

झाडाचं बाहेरचं खडबडीत कवच टाकून देतात, आतली साल घेतात. ती वाळवून चुन्याच्या किंवा राखेच्या पाण्यात तासन्‌तास शिजवायची. आता बरेच जण कॉस्टिक सोडा टाकतात. वेळ वाचतो, पण ते पाणी शेवटी ओढ्यालाच जातं. शिजलेली साल धुऊन तिच्या पट्ट्या काढायच्या आणि लाकडी फळ्यावर उभ्या-आडव्या मांडायच्या, खाटेची नवार विणल्यासारख्या, पण अंतर ठेवून. मग मुठीत मावेल असा ज्वालामुखीच्या खडकाचा तुकडा घेऊन ठोकत बसायचं. ठोकता ठोकता धागे पसरतात, शेजारच्या धाग्यात शिरतात, मधली भोकं बुजतात. वेगळा गोंद लागत नाही, सालीचा चीकच धरून ठेवतो. फळ्यासकट उन्हात वाळत टाकायचं. फळ्याला चिकटलेली ती तुमची घोटलेली बाजू, आणि ती जाळी म्हणजे त्या मूळच्या पट्ट्या.

म्हणजे काटेकोर बोलायचं तर हा कागद नव्हेच. कागदासाठी लगदा करून तो पाण्यातून चाळणीवर उचलतात. ही नुसती ठोकून पसरवलेली साल आहे.

आणि गंमत म्हणजे सान पाब्लितोचे लोक मुळात या सालीवर चित्रं काढत नसत. ते ती कात्रीनं कापून देवांच्या, बियाण्यांच्या, भुताखेतांच्या आकृत्या करायचे, विधीसाठी. पांढरी साल चांगल्या शक्तींना, काळपट साल वाईटांना. म्हणूनच स्पॅनिश राज्यकर्त्यांनी यावर बंदी घातली होती. दुर्गम डोंगरात ते टिकून राहिलं.

रंगवणारे वेगळे. ते दक्षिणेला गेरेरो राज्यात, बाल्सास नदीच्या काठचे नाउआ लोक. आमेयाल्तेपेक, शालित्ला ही त्यांची गावं. हे मातीची भांडी रंगवून विकायचे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या हाती हा सालीचा कागद आला आणि मडक्यावरची फुलं-पाखरं-हरणं कागदावर उतरली. मडकी जड, वाटेत फुटतात. कागद गुंडाळला, काखोटीला मारला, की चालले शहरात. तेव्हापासून एका गावानं साल ठोकायची आणि शेकडो मैलांवरच्या दुसऱ्यानं रंगवायची.

ते आधी काळ्या रेघेत सगळं चित्र काढून घेतात, मग आत झाकणारा, भडक रंग भरतात. हल्ली ॲक्रिलिकच असतं. तुम्हीही तेच करा.

खवचट_खंडू

म्हणजे 'हजारो वर्षांची प्राचीन मेक्सिकन सालचित्रं' माझ्या थोरल्या भावाच्या वयाची निघाली!

पुएब्ला_ते_चाकण

@खंडू, अर्धंच खरं. साल जुनीच, तिच्यावर रंगवणंही जुनं. माया लोकांच्या ज्या चारच पोथ्या आज शिल्लक आहेत त्या सालीच्याच. जर्मनीत ड्रेस्डेनला असलेली त्यांतली एक वडा-उंबराच्या कुळातल्या झाडाच्या सालीची आहे. पट्टी घडीवर घडी घालून केलेली, आणि लिहायच्या आधी वर चुन्याचा पातळ गिलावा दिलेला. काका, तुमची अडचण त्यांना शेकडो वर्षांपूर्वी आली होती आणि त्यांनी ती चुन्यानं सोडवली. बाजारात मिळणारं फुलापाखरांचं चित्र मात्र साठीच्या दशकातलं, हे खरं.

कोल्हापुरी_चप्पल

लई भारी माहिती. वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे).

डहाणूची_लेक

काका, तुमची रेघेला मुळं फुटल्याची गोष्ट वाचून हसले आणि आजीची आठवण झाली. आमच्या वारल्यांकडे चित्राआधी भिंत करायची असते, आणि निम्मं काम तिथेच असतं. कुडाच्या भिंतीला माती-शेणाचा गिलावा, तो वाळला की गेरू. गेरू नुसता वरून वाळून चालत नाही, आतपर्यंत सुकावा लागतो. आजी तळहात टेकून बघायची. गार लागला तर "अजून नाय" म्हणायची आणि आत निघून जायची. आम्ही पोरं काडी चावत बसायचो (बांबूची काडी टोकाला चावून कुंचला करतात).

रंग म्हणजे तांदळाचं पीठ पाण्यात कालवलेलं. नीट केलेली भिंत पाणी आत ओढून घेते आणि पिठाचा कण वर राहतो, म्हणून रेघ टोकदार येते. तुमच्या सालीनं पाण्याबरोबर रंगही आत नेला.

लग्नाच्या चौकात पालघाट देवी काढतात ती लग्नापुरती. ते चित्र जपून ठेवायचं असं कुणाच्या मनातही नसायचं. पुढे कधी भिंत सारवली की गेलं. धवलेरीनं (लग्न लावणाऱ्या बाईनं) गाणं म्हणायचं, सवाशिणींनी काढायचं, झालं.

कागदावर आलं ते १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला. भास्कर कुलकर्णी सरकारी हस्तकला मंडळातर्फे आमच्या भागात आले, त्यांनी कागद दिले आणि जिव्या सोमा म्हशेंचा हात जगाला दिसला. त्याआधी चित्रं बायकांकडेच होती. कागद आला तशी पुरुषांच्या हातात गेली, कारण कागद घेऊन शहरात कोण जाणार? आजी हे अगदी थंडपणे सांगायची, तक्रार म्हणून नाही. मला मात्र ते टोचतं.

आणि तुमच्या कामाचं: आमच्याकडे कागदावर किंवा कापडावर काढताना आधी पातळ शेणकाल्याचा किंवा गेरूचा हात देतात. भोकं बुजतात, आणि भिंतीचा रंगही मिळतो.

पोथीखाना

@डहाणूची_लेक, फार चांगला प्रतिसाद. हेच भास्कर कुलकर्णी त्याआधी मिथिलेत होते. बिहारच्या १९६६-६७ च्या दुष्काळात हस्तकला मंडळाच्या पुपुल जयकरांनी त्यांना मधुबनीकडे पाठवलं. कोहबराच्या (नवरा-नवरीच्या खोलीच्या) भिंतीवर काढणाऱ्या बायकांना त्यांनी कागद दिले, म्हणजे विकून चार पैसे येतील. तिथेही हातकागदाला शेणाचं पाणी देण्याची पद्धत पडली. म्हणजे मिथिलेची आणि वारल्यांची, अशा दोन भिंती कागदावर आणण्यात एकाच मराठी माणसाचा हात.

ट्रेकर_टिंग्या

माझाही अनुभव. काही वर्षांपूर्वी गोमुखच्या वाटेवर भोजबासाला एका झाडाची साल लोंबत होती, ती घेऊन आलो. घरी त्यावर ॲक्रिलिकनं गणपती काढला. मस्त दिसत होता. सहा महिन्यांत पापुद्र्यासकट गणपतीचं अर्धं पोट गळून पडलं. वरून वार्निश मारलं असतं तर वाचला असता का?

पोथीखाना

@ट्रेकर_टिंग्या, आधी थोडं रागावतो. ते गंगोत्रीचं राष्ट्रीय उद्यान आहे, तिथून साल आणायची नसते. भोजबासाचं नावच भूर्जाच्या बनावरून पडलंय आणि आज तिथे बन शोधावं लागतं. सरपणानं आणि यात्रेकरूंच्या पायांनी ते संपत आलं. हर्षवंती बिश्त या गिर्यारोहक बाईंनी तिथे पुन्हा भूर्ज लावायला आयुष्यातली बरीच वर्षं घातली. आणि आपण सालपट खिशात घालतो.

आता गणपती. आमाते आणि भूर्ज यांना दोन्हीकडे 'झाडाची साल' म्हणत असले तरी स्वभाव उलटे. आमाते ही आतली साल, धाग्यांची, तहानलेली. भूर्जपत्र ही बाहेरची साल, कांद्यासारखी पापुद्र्यांची, तेलकट. ती पाणी पीतच नाही. म्हणून तर बुरशीला, ओलाव्याला दाद न देता शेकडो वर्षं टिकते. तुमचं ॲक्रिलिक वरच्या पापुद्र्याला घट्ट धरून बसलं. वाळताना ते आकसलं आणि खालच्या पापुद्र्यापासून वरचा सुटला. वार्निशनं आणखी लवकर सुटला असता.

जुने लोक काय करत ते अकराव्या शतकातल्या अल्बेरुनी या परदेशी पंडितानं लिहून ठेवलंय: साधारण हातभर लांब आणि वीतभर रुंद तुकडा घ्यायचा, तेल लावून घोटून गुळगुळीत आणि टणक करायचा, मग लिहायचं. काश्मीरची शाई बदामाच्या टरफलाच्या कोळशाची, गोमूत्रात उकळलेली. पाण्यानं पुसली जात नसे. रंगाचा उल्लेख हवा असेल तर कालिदासाच्या कुमारसंभवात पहिल्याच सर्गात आहे. हिमालयातल्या विद्याधर सुंदरी भूर्जाच्या सालीवर धातूच्या रंगानं प्रेमपत्रं लिहितात आणि ती अक्षरं हत्तीच्या अंगावरच्या लाल ठिपक्यांसारखी दिसतात. ज्यानं भूर्जावरच्या त्या आडव्या रेषा-ठिपके जवळून पाहिलेत त्याला ही उपमा कुठून आली ते कळेल.

पुण्यातल्यांनी लांब जायची गरज नाही. भांडारकर संस्थेतल्या ऋग्वेदाच्या ३० हस्तलिखितांची युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत २००७ मध्ये नोंद झाली. त्यांतलं एक काश्मीरच्या जुन्या शारदा लिपीतलं, भूर्जपत्रावरचं आहे. जॉर्ज ब्यूलर हा जर्मन संस्कृत पंडित १८७५ मध्ये मुंबई सरकारतर्फे काश्मीरला हस्तलिखितं शोधायला गेला होता, तेव्हा अशी बरीच भूर्जावरची पोथी इकडे आली.

मी तरुणपणी एका ग्रंथालयात पोथ्या साफ करायचं काम शिकलो (कुठलं ते विचारू नका, गुरुजी अजून आहेत). पहिल्याच दिवशी भूर्जाचं पान नेहमीच्या पोथीसारखं चिमटीत धरून उलटलं. चिमटीत पापुद्रा, पान खाली. गुरुजी काही बोलले नाहीत. तीन महिने मला फक्त कापडी बस्त्यांच्या गाठी बांधायला ठेवलं.

सातारी_फळा

@पोथीखाना, तुमचे गुरुजी भेटले असते तर मी बरा शिक्षक झालो असतो.

तहानलेली साल आणि तेलकट साल, हे वहीत उतरवून घेतलंय. म्हणजे माझ्या सालीला आधी पोटभर पाजायला हवं.

मेलबर्नची_मावशी

उशिरा आले धाग्यावर. इकडची साल राहिली, ती मी आणते.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला आर्नहेम लँड आहे. तिथले आदिवासी चित्रकार युकॅलिप्टसच्या एका जातीच्या, दोरखंडासारखी साल असलेल्या झाडाची अख्खी साल काढतात. पावसाळ्यातच, कारण तेव्हा झाडात रस चढलेला असतो आणि साल सुटते. वर-खाली कुऱ्हाडीनं गोल खाच, मधून एक उभी चीर, की मोठ्ठा तक्ता हातात येतो. बाहेरचा केसाळ थर तासायचा, विस्तवावर शेकायचं, मग जमिनीवर पसरून दगडांखाली दाबून ठेवायचं. आतल्या गुळगुळीत बाजूवर चित्र. लाल-पिवळी काव, पांढरी माती, कोळसा. पूर्वी रंग धरायला ऑर्किडच्या देठाचा चीक वापरायचे, आता लाकडाचा गोंद. कुंचला माणसाच्या चार केसांचा. त्यानं इतक्या बारीक तिरक्या-आडव्या रेघा भरतात की चित्र उन्हातल्या पाण्यासारखं लकाकतं. ती लकाकीच त्यांना हवी असते, त्यात पूर्वजांची शक्ती असते म्हणे. कुठली नक्षी कुणी काढायची हे कुळानुसार ठरलेलं.

एवढं करूनही साल साल ती सालच. हवा बदलली की पुन्हा नळी व्हायला बघते. दोन्ही टोकांना काठ्या बांधतात त्या त्यासाठी.

आता दोन किस्से. १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियात पाउंड जाऊन डॉलर आला. एक डॉलरच्या नव्या नोटेवर डेव्हिड मलांगी नावाच्या चित्रकाराच्या सालचित्रावरून घेतलेली नक्षी छापली. मलांगीला कुणी विचारलंच नव्हतं! बोभाटा झाल्यावर त्याला हजार डॉलर, एक पदक आणि मासे पकडायचं सामान दिलं. मासे पकडायचं सामान!

दुसरा त्याच आर्नहेम लँडमधल्या यिर्काला गावचा. १९६३ मध्ये सरकारनं त्यांच्या जमिनीतला मोठा तुकडा बॉक्साइटच्या खाणीसाठी काढून घेतला. लोकांनी संसदेला अर्ज लिहिला, आपल्या भाषेत आणि इंग्रजीत, टाइप करून, आणि तो कागद सालीच्या तक्त्यावर चिकटवला. चहूबाजूंनी आपापल्या कुळांची चित्रं. म्हणजे मजकूर साहेबाच्या रीतीनं आणि सातबारा आपल्या रीतीनं! खाण थांबली नाही, पुढे कोर्टातही हरले. पण १९७६ चा जमीनहक्काचा कायदा आला त्याची सुरुवात या अर्जापासून धरतात. ते सालीचे अर्ज कॅनबेराच्या संसदेत काचेमागे आहेत, मी जाऊन पाहिलेत. मी अर्धा तास उभी होते. नवरा कॉफी पिऊन परत आला.

पुएब्ला_ते_चाकण

मावशी, दंडवत. हीच गोष्ट गेरेरोतही झाली. १९९० च्या सुमारास बाल्सास नदीवर सान हुआन तेतेल्सिंगोला मोठं धरण होणार होतं, या चित्रकारांची गावंच पाण्याखाली जाणार होती. फुलं-पाखरं विकणाऱ्यांनी त्याच सालीवर बुडणारी गावं आणि मोर्चे काढले. १९९२ मध्ये धरण रद्द झालं.

रिकामटेकडा

आमचं नर्मदेचं काय झालं ते आठवलं. असो. संपादक धागा उडवायच्या आत गप्प बसतो.

अवांतर: असा एक कागद इथे कितीला पडेल? शंभर मागवले तर?

पुएब्ला_ते_चाकण

मागवू नका हो. वडा-उंबराच्या कुळातली जुनी झाडं संपत आली म्हणून सान पाब्लितोवाले आता बऱ्याचदा 'होनोते' नावाचं भराभर वाढणारं झाड वापरतात. त्याचीही साल आता लांबून आणावी लागते. काकांचे कागद बहुतेक त्याचेच.

सातारी_फळा

अरेरे! मी उंबराच्या सालीवर उंबर काढायचा बेत करून बसलो होतो.

असो. अहवाल देतो. अजिंक्यताऱ्याचा बिघडलेला कागद पाठच्या बाजूनं वापरून चार पट्ट्या केल्या. पहिलीवर साबुदाण्याची खळ, दुसरीवर डिंकाचं पाणी, तिसरीवर @डहाणूची_लेक म्हणते तसा शेणकाला, चौथीवर चिंचोक्याची खळ. चिंचोका सुचला ओडिशाच्या पटचित्रांवरून. ते कापडावर कापड डकवून चिंचोक्याची खळ आणि खडूची पूड देतात. पण आमच्या माणदेशात घोंगडीलाही चिंचोक्याचीच खळ, तेव्हा सामान घरचंच. चिंचोके भाजले, टरफलं काढली, रात्रभर भिजवून वाटले आणि मंद आचेवर शिजवले. स्वयंपाकघरातून मला दोन दिवस हद्दपार केलं आहे.

साबुदाणा वाळल्यावर चकाकतो, रंग वर घसरतो. डिंक ठीक, पण कागद वाकवला की कडकड करतो. शेणकाला सगळ्यात सुंदर, मात्र सालीचा स्वतःचा रंग पार झाकला जातो, मग साल कशाला? चिंचोका पातळ करून दोन हात दिले, तिथे रेघ थांबली! मुळं फुटली नाहीत. वर पोस्टर कलरमधला पांढरा आणि काव चांगली बसली.

डहाणूची_लेक

पांढऱ्यात थोडा डिंक घाला काका, नाहीतर कागद गुंडाळल्यावर पांढरं झडेल. आणि खळ आतपर्यंत वाळू द्या. तळहात टेकून बघा.

खवचट_खंडू

फोटो टाका. फोटो नाही तर खळ नाही.

सातारी_फळा

फोटो मुलगा आला की टाकतो, मला इथे चढवता येत नाही.

दुसऱ्या कागदावर काढलं. उंबर नाहीच काढला. सालीत आधीपासून एक फिकट पट्टा वरून खाली वळत आला होता, तो बघता बघता यवतेश्वरच्या घाटाचा रस्ता दिसायला लागला. तो तसाच सोडला, त्याला हातही लावला नाही. बाकी डोंगर काळ्या रेघेत आणि काव. तळहात टेकून बघितला होता. दीड दिवस लागला वाळायला.

काल म्हसवडकडचे एक घोंगडीवाले आजोबा दारावर आले होते, दरवर्षी येतात. त्यांना कौतुकानं दाखवला. चित्राकडे बघितलंही नाही. कोपरा दोन बोटांत धरून चुरगाळला, कानाशी नेला आणि म्हणाले, "मास्तर, खळ पातळ पडली."

तिसऱ्या कागदासाठी चिंचोके भिजत घातलेत.